एका पल्सला न दिसणारं: फ्रस्ट्रेटेड चुंबकांसाठी द्विमितीय टेराहर्ट्झ वर्णपट

चुंबकीय स्फटिकातून टेराहर्ट्झ प्रकाश (सेकंदाला सुमारे लाख कोटी आंदोलनांचा) पार केला आणि वर्णपटात एक टोकदार शिखर दिसलं, तर अर्थ लावणं सोपं असतं. त्या वारंवारतेला सगळे स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे सूक्ष्म चुंबक, एका लयीत डोलतात. त्या लाटेच्या एककाला मॅग्नॉन म्हणायचं आणि पुढे जायचं. फ्रस्ट्रेटेड चुंबकांमध्ये मात्र बरेचदा शिखर दिसतच नाही. दिसतो तो एक रुंद, पसरट उंचवटा. तो कशामुळे तयार झाला हे साध्या शोषण-मापनातून कळत नाही, आणि ही अडचण उपकरण सुधारून सुटणारी नाही, कारण ती मापनाच्या पद्धतीतच आहे. त्यासाठी पदार्थाला एकाऐवजी दोन पल्स (प्रकाशाचे अतिलघु झोत) द्याव्या लागतात आणि दोघींनी मिळून जे घडवलं तेवढंच वेगळं काढावं लागतं. हीच अरेषीय वर्णपटमिती.

आधी चुंबकाकडे पाहू. त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर तीन स्पिन आहेत आणि प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट दिशेला वळायचं आहे. पहिला वर, दुसरा खाली. तिसऱ्याने काहीही केलं तरी एक जोडी नाराजच राहते. हेच फ्रस्ट्रेशन. असे त्रिकोण जोडून जाळी केली की कमीत कमी ऊर्जेच्या रचना एक-दोन राहत नाहीत, त्यांची संख्या अफाट होते. त्रिकोणी जाळीवरच्या आयसिंग (फक्त वर किंवा खाली वळू शकणाऱ्या) स्पिनांसाठी ग्रेगरी वॅनियर यांनी १९५० साली दाखवलं की शून्य तापमानालाही एन्ट्रॉपी शिल्लक उरते. तिचं मूल्य प्रति स्पिन ०.३२३ बोल्ट्झमन स्थिरांक इतकं आहे. १९७३ साली फिलिप अँडरसन यांनी पुढची कल्पना मांडली: क्वांटम परिणाम प्रबळ असतील तर असे स्पिन कितीही थंड केले तरी रांगेत उभे राहणार नाहीत, एक प्रकारचा द्रव बनतील. २००६ साली अलेक्सेई कितायेव यांनी मधमाशीच्या पोळ्यासारख्या षट्कोनी जाळीवर अशा द्रवाचं नेमकं सोडवता येणारं प्रतिमान दिलं.

खऱ्या पदार्थांत हर्बर्टस्मिथाइट हे खनिज प्रसिद्ध आहे. त्यातल्या तांब्याच्या स्पिनांमधली आंतरक्रिया सुमारे १९० केल्विन इतकी जोरदार, तरी ५० मिलिकेल्विनपर्यंत थंड करूनही चुंबकीय क्रम आढळत नाही. अल्फा रुथेनियम क्लोराइड हा कितायेव प्रतिमानाच्या जवळचा पदार्थ. तो सुमारे ७ केल्विनखाली नागमोडी क्रमात जातो खरा, पण थरांच्या प्रतलात ७-८ टेस्लाचं क्षेत्र लावलं की तो क्रम मोडतो.

अशा द्रवात प्रकाशाने एक स्पिन उलटवला तर ती उलथापालथ एका जागी राहत नाही. तिचे दोन तुकडे होतात आणि ते स्वतंत्रपणे जाळीवर फिरू लागतात. प्रत्येकाकडे अर्धा स्पिन, म्हणून त्यांना स्पिनॉन म्हणतात. प्रकाशाकडून आलेली ऊर्जा दोघांत वाटली जाते आणि जोडीचा संवेग शून्याच्या आसपास ठेवूनही ती अनेक प्रकारे वाटता येते: एक स्पिनॉन एका संवेगाने, दुसरा बरोबर उलट संवेगाने. प्रत्येक संवेगासाठी जोडीची ऊर्जा वेगळी. म्हणून शिखराऐवजी पट्टा.

इथवर सगळं सुरळीत वाटतं. घोळ असा की पसरट पट्टा मिळवण्याचे आणखी दोन सोपे मार्ग आहेत. पहिला, साधाच मॅग्नॉन, पण अल्पायुषी. आयुष्य अर्धा पिकोसेकंद असेल तर शिखर सुमारे ०.६ टेराहर्ट्झ रुंद होतं. दुसरा, स्फटिकातली अव्यवस्था. प्रत्येक स्पिनचा परिसर थोडा वेगळा, म्हणून वारंवारताही वेगळी, आणि सगळ्यांची बेरीज पसरट. इटर्बियम, मॅग्नेशियम, गॅलियम आणि ऑक्सिजन यांच्या एका त्रिकोणी संयुगाबाबत हेच झालं. न्यूट्रॉन प्रकीर्णनात रुंद पट्टा दिसल्यावर स्पिन-द्रव सापडल्याचा दावा झाला; मग लक्ष गेलं ते त्या स्फटिकात मॅग्नेशियम आणि गॅलियम एकाच प्रकारच्या जागांवर यदृच्छेने बसतात याकडे. वाद त्यानंतर पट्ट्याच्या अस्तित्वावर राहिला नाही, त्याच्या कारणावर राहिला.

लांबून गलका ऐकू येतो तेव्हा आत शेकडो स्पष्ट आवाज मिसळले आहेत की एकच घोगरा आवाज आहे, हे नुसत्या गलक्याच्या जोरावरून सांगता येत नाही. रेषीय वर्णपटाचं तेच आहे. तो सगळ्या घटकांची बेरीज देतो आणि बेरजेतून घटक परत मिळत नाहीत.

प्रतिध्वनी कसा तयार होतो

यावरचा उपाय चुंबकीय अनुनादाच्या क्षेत्रात खूप आधी सापडला होता. एर्विन हान यांनी १९५० साली स्पिन-प्रतिध्वनी दाखवला. जाँ जेनेर यांनी १९७१ साली दोन कालावधींच्या द्विमितीय मापनाची कल्पना मांडली. रिचर्ड अर्न्स्ट यांनी ती प्रत्यक्षात आणून वाढवली. त्यांना १९९१ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तिथे वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये असते. फ्रस्ट्रेटेड चुंबकांची ऊर्जा त्याच्या हजारो ते लाखो पट जास्त, टेराहर्ट्झच्या पट्ट्यात. १ टेराहर्ट्झ म्हणजे ४.१४ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, किंवा तापमानाच्या भाषेत ४८ केल्विन. तिथे पुरेशा जोरदार पल्स मिळायला बरीच वर्षं लागली. एमआयटीमधल्या गटाने २०१७ साली यिट्रियम ऑर्थोफेराइट या साध्या, फ्रस्ट्रेशन नसलेल्या प्रतिलोहचुंबकात द्विमितीय टेराहर्ट्झ चुंबकीय अनुनाद दाखवला. २०१९ साली युआन वान आणि पीटर आर्मिटेज यांनी सैद्धांतिक पातळीवर दाखवलं की हीच युक्ती स्पिनॉनच्या पट्ट्याला लावली तर पट्टा उलगडता येतो.

आकड्यांत पाहू. समजा पट्ट्यात स्पिनॉनच्या तीनच जोड्या आहेत, वारंवारता ०.८, १.० आणि १.२ टेराहर्ट्झ. पहिल्या पल्सने तिघींना एकाच क्षणी सुरू केलं. २.५ पिकोसेकंदांनी त्यांची अनुक्रमे २, २.५ आणि ३ आवर्तनं झालेली असतील. मधली जोडी बाकीच्या दोघींच्या अगदी उलट फेजमध्ये (आवर्तनाच्या टप्प्यात) आहे, म्हणून एकूण संकेत ढासळतो. हजारो जोड्या असतील तर तो पुसलाच जातो. आता दुसरी पल्स द्या. तिच्या क्षेत्राने दोनदा काम केलं तर प्रत्येक जोडीच्या फेजचं चिन्ह उलटतं: उणे २, उणे २.५, उणे ३. जोड्या आपापल्या वेगाने पुढे चालतच राहतात. आणखी २.५ पिकोसेकंदांनी तिघींची बेरीज शून्य, म्हणजे तिघी पुन्हा एका फेजमध्ये. कोणाची वारंवारता किती होती याने काही फरक पडत नाही. हाच प्रतिध्वनी.

आता एकच अल्पायुषी मॅग्नॉन घ्या. पहिल्या पल्सनंतर २.५ पिकोसेकंदांनी त्याचं आंदोलन विझलेलं असतं. उलटवायला काही शिल्लकच नाही, म्हणून प्रतिध्वनीही नाही. रेषीय वर्णपटात दोन्ही गोष्टी सारख्याच पसरट होत्या. इथे त्या वेगळ्या झाल्या.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, आणि ती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वात सुंदर वाटते. आदर्श हार्मोनिक आंदोलकाला दोन पल्स दिल्या तर त्याचा प्रतिसाद म्हणजे एकेका पल्सच्या प्रतिसादांची निव्वळ बेरीज. बेरीज वजा केली की उरतं शून्य. एकमेकांशी न बोलणारे, आदर्श मॅग्नॉन म्हणूनच या मापनाला दिसतच नाहीत. ते दिसतात ते जेवढे आदर्शापासून ढळतात तेवढेच. स्पिनॉनची जोडी मात्र वेगळ्या स्वभावाची. वान आणि आर्मिटेज यांनी घेतलेल्या आडव्या क्षेत्रातल्या आयसिंग साखळीत ठरावीक संवेगाची जोडी एकतर आहे किंवा नाही. तीच जोडी दुसऱ्यांदा निर्माण करता येत नाही. म्हणजे ती दोनच पातळ्यांची प्रणाली. अशी प्रणाली लवकर भरते, आणि भरणं हीच मुळात अरेषीय वर्तणूक.

नकाशा वाचायचा कसा

मापनात दोन काळ असतात. दोन पल्समधलं अंतर हा पहिला अवधी, आणि दुसऱ्या पल्सनंतर संकेत नोंदवण्याचा दुसरा अवधी. दोन्ही बदलत राहून आकड्यांचा तक्ता तयार करायचा आणि दोन्ही दिशांनी फूरिये रूपांतर करायचं, म्हणजे संकेत वारंवारतांमध्ये सुटा करायचा. मिळतो तो नकाशा: एका अक्षावर पहिल्या अवधीतली वारंवारता, दुसऱ्यावर दुसऱ्या अवधीतली.

समजा पदार्थात १ टेराहर्ट्झची एकच वृत्ती (आंदोलनाचा प्रकार) आहे. पहिल्या पल्सचं क्षेत्र एकदा आणि दुसरीचं दोनदा वापरलं गेलं तर दोन ठिपके येतात: एक कर्णावर, म्हणजे दोन्ही अक्षांवर अधिक १, दुसरा उलट्या कर्णावर, पहिल्या अक्षावर उणे १ आणि दुसऱ्यावर अधिक १. हा दुसरा ठिपका म्हणजे फेज उलटवून परत जुळवलेला प्रतिध्वनी. पहिल्या पल्सचं क्षेत्र दोनदा आणि दुसरीचं एकदा वापरलं गेलं तर पहिल्या अक्षावर शून्य असलेला ठिपका येतो. हा नेहमीच्या पंप-प्रोब मापनाचा भाग, जिथे एक पल्स पदार्थाला ढवळते आणि दुसरी परिणाम पाहते. काही वेळा पहिल्या अक्षावर २ असलेला ठिपकाही दिसतो: तिथे पहिल्या पल्सने एकदम दोन क्वांटम चढवलेले असतात.

एका वृत्तीऐवजी स्पिनॉनच्या जोड्यांचा पट्टा असेल तर उलट्या कर्णावरचा ठिपका ताणला जाऊन रेघ होतो. रेघेची लांबी सांगते पट्टा कुठून कुठवर आहे. रेघेची आडवी जाडी सांगते एकेक जोडी किती काळ तग धरते. आयुष्य १० पिकोसेकंद असेल तर जाडी सुमारे ०.०३ टेराहर्ट्झ, म्हणजे टेराहर्ट्झभर पसरलेल्या पट्ट्याच्या आत त्याच्या तिसाव्या हिश्शाइतकी बारीक रचना वाचता येते. आयुष्य वारंवारतेनुसार बदलत असेल तर रेघ एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला जाड दिसते. कमी ऊर्जेच्या जोड्या जास्त टिकतात की जास्त ऊर्जेच्या, हे इतक्या थेटपणे दाखवणारं दुसरं मापन सहसा मिळत नाही.

दुसऱ्या क्रमाचा प्रतिसाद, म्हणजे प्रत्येक पल्सचं क्षेत्र एकेकदा, हा सममितीवर अवलंबून असतो. स्पिनची दिशा उलटवणारी सममिती शाबूत असेल तर त्या दिशेला तो शून्य. मग तिसऱ्या क्रमावरच, म्हणजे एकीचं क्षेत्र एकदा आणि दुसरीचं दोनदा यावरच, भिस्त. बाहेरून स्थिर चुंबकीय क्षेत्र लावलं की सममिती मोडते आणि दुसरा क्रम जागा होतो. म्हणून तोच नमुना क्षेत्रासह आणि क्षेत्राविना मोजावा.

मांडणी

बहुतेक प्रयोगशाळांत सुरुवात टायटॅनियम-सफायर लेझर-ॲम्प्लिफायरने होते: ८०० नॅनोमीटर, सेकंदाला १००० पल्स, प्रत्येकी काही मिलिज्यूल. हा प्रकाश मॅग्नेशियम मिसळलेल्या लिथियम नायोबेट स्फटिकात टेराहर्ट्झमध्ये बदलतो. लेझरचा समूह-अपवर्तनांक सुमारे २.२५ आणि टेराहर्ट्झचा जवळजवळ ५, त्यामुळे सरळ पाठवलं तर दोघांची चाल जुळत नाही. उपाय म्हणून ग्रेटिंग वापरून पल्सचा पुढचा चेहरा तिरका करतात; स्फटिकाच्या आत हा कोन सुमारे ६३ अंश लागतो. कोन थोडा चुकला तरी टेराहर्ट्झचं उत्पादन झपाट्याने घसरतं आणि पल्सचा आकारही बिघडतो. सगळं जमलं तर ०.२ ते २ टेराहर्ट्झच्या पट्ट्यातल्या पल्स मिळतात, शिखर-क्षेत्र सेंटिमीटरला काही लाख व्होल्ट ते दहा लाख व्होल्ट.

दहा लाख व्होल्ट ऐकायला प्रचंड वाटतं. पण स्पिनला विद्युत क्षेत्र सहसा थेट भावत नाही, त्याला लागतं चुंबकीय क्षेत्र. विद्युत क्षेत्राला प्रकाशवेगाने भागा: सेंटिमीटरला दहा लाख व्होल्ट म्हणजे फक्त ०.३३ टेस्ला. नमुन्यापर्यंत पोहोचताना त्यातलं ०.१ टेस्ला उरलं असं धरू. इलेक्ट्रॉनचा स्पिन १ टेस्लाला २८ गिगाहर्ट्झने फिरतो. १ पिकोसेकंदाच्या पल्समध्ये ०.१ टेस्लाने तो जेमतेम १ अंश वळेल. रेडियनमध्ये ०.०१८. तिसऱ्या क्रमाचा संकेत ढोबळमानाने याच्या घनाच्या पटीत असतो, म्हणजे दशलक्षात पाच-सहा. पुढचा सगळा आटापिटा या एका आकड्यापायी आहे.

दोन्ही पल्स एकाच रेषेत नमुन्यातून जातात आणि पलीकडे इलेक्ट्रो-ऑप्टिक सॅम्पलिंगने नोंदवल्या जातात: १ मिलिमीटर जाडीचा झिंक टेल्युराइड स्फटिक, चतुर्थांश-तरंग पट्टी, वोलॅस्टन प्रिझम आणि समतोल साधलेले दोन फोटोडायोड. हे शोधक टेराहर्ट्झ क्षेत्राचं मूल्य चिन्हासकट देतात, नुसती तीव्रता नाही. फेज हातात राहते ती यामुळेच.

अरेषीय भाग वेगळा काढण्यासाठी दोन चॉपर (प्रकाश आळीपाळीने अडवणाऱ्या फिरत्या चकत्या) लागतात. पहिल्या पल्सच्या वाटेवरचा चॉपर ५०० हर्ट्झला, दुसरीच्या वाटेवरचा २५० हर्ट्झला, दोन्ही लेझरच्या घड्याळाशी बांधलेले. मग लेझरच्या लागोपाठच्या चार फेऱ्यांत चार स्थिती मिळतात: दोन्ही, फक्त पहिली, फक्त दुसरी, एकही नाही. 'दोन्ही'मधून 'फक्त पहिली' आणि 'फक्त दुसरी' वजा करायच्या आणि 'एकही नाही' ही पार्श्वभूमी मिळवायची. चारही मापनं ४ मिलिसेकंदांत होतात हा महत्त्वाचा भाग. आधी एक पूर्ण स्कॅन दोन्ही पल्सने, मग दुसरा एकीने अशी चाल करू नये. प्रकाशाच्या वाटेत १ मायक्रोमीटर फरक पडला तर ३.३ फेम्टोसेकंद सरकतात. १ टेराहर्ट्झला तो ०.०२ रेडियनचा फेज-फरक, म्हणजे वजाबाकीत २ टक्क्यांची चूक. खोलीचं तापमान किंचित हललं तरी एवढं सहज होतं, आणि आपण शोधतोय ते हजारात एक किंवा त्याहून लहान.

आरसा सरकवून पल्सची वाट लांबवणाऱ्या विलंब-रुळाचं गणित सरळ आहे. आरसा १५ मायक्रोमीटर सरकवला की विलंब ०.१ पिकोसेकंद बदलतो. या पायरीने ५ टेराहर्ट्झपर्यंतची वारंवारता निर्विवाद वाचता येते, जी स्रोताच्या पट्ट्याला पुरून उरते. दोन्ही अवधी २० पिकोसेकंदांपर्यंत घेतले तर २०० गुणिले २००, म्हणजे ४० हजार बिंदू. प्रत्येकाला १ सेकंद दिला तर ११ तास. इतका वेळ लेझर आणि क्रायोस्टॅट (नमुना थंड ठेवणारं उपकरण) दोघंही स्थिर राहिले पाहिजेत. एक लांब स्कॅन करण्याऐवजी त्याच नकाशाचे अनेक वेगवान स्कॅन घेऊन सरासरी काढावी. मधला एखादा बिघडला तर तेवढाच टाकून देता येतो.

काय बिघडतं

सगळ्यात फसवा दोष म्हणजे स्वतःच्या उपकरणाची अरेषीयता. दोन्ही पल्स एकाच लिथियम नायोबेट स्फटिकात तयार केल्या तर पहिला अवधी शून्याजवळ आल्यावर त्या स्फटिकातच एकमेकींना ढवळतात, आणि ते मिश्रण नमुन्याचा संकेत असल्यासारखं नकाशात उतरतं. शक्यतो दोन वेगळे स्फटिक वापरावेत. झिंक टेल्युराइडही जोरदार क्षेत्राला सरळ प्रमाणात उत्तर देत नाही. याची परीक्षा स्वस्त आहे: नमुन्यानंतर उच्च-रोधकतेच्या सिलिकॉनची चकती ठेवा, प्रत्येक चकती क्षेत्र सुमारे ७० टक्क्यांवर आणते. अरेषीय संकेतही ७० टक्क्यांवर आला तर तो नमुन्यातून आलेला. सुमारे ३४ टक्क्यांवर, म्हणजे ०.७ च्या घनावर घसरला तर दोषी शोधक आहे. नमुना काढून रिकाम्या छिद्रातून तोच नकाशा मोजणं हीसुद्धा अनिवार्य पायरी, आणि ती कंटाळ्यापोटी वगळली जाते.

प्रतिसादाचा क्रम तपासण्यासाठी तारजाळीचे ध्रुवक वापरून एकेका पल्सचं क्षेत्र कमी करावं. प्रतिध्वनीचा ठिपका पहिल्या पल्सच्या क्षेत्राच्या सरळ प्रमाणात आणि दुसरीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलला पाहिजे. तसं होत नसेल तर तिसऱ्या क्रमाची भाषा वापरू नये. बहुधा पाचवा क्रम घुसला आहे किंवा नमुना तापतो आहे.

तापण्याचा मुद्दा हलका नाही. १ मायक्रोज्यूलची पल्स सेकंदाला १००० वेळा म्हणजे १ मिलिवॅट, आणि दोन पल्स म्हणजे २. हीलियमवर चालणाऱ्या २-५ केल्विनच्या क्रायोस्टॅटला हे पेलतं. मिलिकेल्विनच्या डायल्युशन यंत्रणेला पेलत नाही. शिवाय सरासरी तापमान ठीक असलं तरी कमी तापमानाला उष्माधारकता इतकी थोडी असते की पहिल्या पल्सने क्षणभर नमुना गरम करावा आणि दुसरीने गरम नमुना पाहावा, असं घडतं. हा परिणाम पहिल्या अक्षावर शून्याशी चिकटलेला राहतो. प्रतिध्वनीच्या कोपऱ्यात तो सहसा येत नाही. पंप-प्रोबच्या ठिपक्यावर विसंबून निष्कर्ष काढणाऱ्यांनी मात्र सांभाळावं.

हवेतली वाफ ०.५५७, ०.७५२ आणि ०.९८८ टेराहर्ट्झला जोरात शोषते. संपूर्ण मार्ग कोरड्या नायट्रोजनने भरून घेतला नाही तर वाफेच्या रेषांमुळे पल्समागे लांब शेपूट येतं आणि ते नकाशात उभ्या-आडव्या रेघांच्या रूपात दिसतं.

नमुन्याची जाडी निवडणं ही तडजोड असते. ०.५ मिलिमीटर जाडी आणि ३ अपवर्तनांक असेल तर आतल्या परावर्तनाची पुनरावृत्ती १० पिकोसेकंदांनी येते. तिच्या आधी मोजणी थांबवली तर विभेदन ०.१ टेराहर्ट्झवर अडतं. जाड नमुना घेतला तर वेळ वाढतो, पण शोषणामुळे पल्सचा आकार आतल्या आत बदलतो आणि नमुन्याच्या पुढच्या व मागच्या भागाला वेगवेगळी पल्स दिसते. आडवा आकारही लहान चालत नाही: १ टेराहर्ट्झची तरंगलांबी ०.३ मिलिमीटर, त्यामुळे केंद्रित ठिपका साधारण १ मिलिमीटरचा. त्याहून लहान स्फटिकाच्या कडेने प्रकाश निसटतो आणि वजाबाकीत राहतो.

चुंबकीय की विद्युत हा प्रश्नही सोडवावा लागतो. मॉट निरोधकात परस्पर प्रतिकर्षणामुळे इलेक्ट्रॉन जागेवर बांधलेले असले तरी थोडे हलतात, आणि त्यामुळे विद्युत क्षेत्र मागच्या दाराने स्पिनशी जोडलं जाऊ शकतं. एकाच पदार्थाचे वेगवेगळ्या दिशांनी कापलेले दोन तुकडे घ्यावेत. चुंबकीय क्षेत्र स्फटिकाच्या त्याच अक्षावर ठेवून विद्युत क्षेत्राचा अक्ष बदलावा. संकेत तसाच राहिला तर तो चुंबकीय.

रूपांतराच्या टप्प्यावर दोन सापळे आहेत. संकेत पूर्ण विझायच्या आत मोजणी तोडली तर फूरिये रूपांतर शिखराभोवती तरंग निर्माण करतं. खिडकी-फलन (संकेत शेवटाकडे हळूहळू शून्यावर नेणारा गुणक) लावून ते दाबता येतात, पण मग रेघ कृत्रिमरीत्या जाड होते आणि आयुष्य खरं असतं त्यापेक्षा कमी निघतं. दुसरं, दोन पल्स एकमेकींवर चढलेल्या असतात तो काळ, साधारण पहिला १ पिकोसेकंद. तिथे कोण आधी आली याला अर्थ नसतो. तो भाग विश्लेषणातून वगळावा आणि वगळल्याचं लिहावं.

प्रतिध्वनी दिसला, मग पुढे?

प्रतिध्वनी दिसला म्हणजे स्पिनॉन सापडले, असं नाही. वर सांगितलेल्या तीन शक्यतांपैकी अल्पायुषी मॅग्नॉन बाद झाला, एवढंच सिद्ध होतं. अव्यवस्थित स्फटिकातले वेगवेगळ्या वारंवारतेचे स्थानिक स्पिनही तितकाच स्वच्छ प्रतिध्वनी देतात. हान यांच्या प्रयोगात क्षेत्राच्या असमानतेमुळे पसरलेल्या स्पिनांनी तो दिला होता, तिथे कुठला अपूर्णांकी कण नव्हता. म्हणून रेघेच्या अस्तित्वापेक्षा तिच्या वागणुकीकडे जास्त पाहावं. अव्यवस्थेचा पट्टा नमुन्यागणिक बदलतो. चांगल्या आणि वाईट स्फटिकांची तुलना केली की तो उघडा पडतो. स्पिनॉनच्या पट्ट्याच्या कडा क्षेत्राबरोबर ठरावीक गणिताने सरकतात. तापमान वाढलं की स्पिनॉन एकमेकांवर आदळून रेघ जाड होते, तर जागेवर अडकलेल्या स्पिनांची जाडी वेगळ्या नियमाने वाढते.

इथे सुरुवात करायला कोबाल्ट नायोबेट चांगला पदार्थ आहे. तो जवळजवळ आयसिंग साखळीच. आडवं क्षेत्र ५.५ टेस्लाच्या आसपास नेलं की क्रम मोडतो, आणि सिद्धांत हाताशी असल्यामुळे नकाशातला प्रत्येक ठिपका ताडून पाहता येतो. अवघड पदार्थाला हात घालण्याआधी उपकरण अशा ठिकाणी पारखून घ्यावं.

कितायेव द्रवात चित्र आणखी गुंतागुंतीचं होतं. तिथे एक स्पिन उलटवला की दोन प्रकारच्या गोष्टी एकदम तयार होतात: फिरणारे मायोराना फर्मिऑन (स्वतःच स्वतःचे प्रतिकण असलेले कण) आणि शेजारच्या दोन षट्कोनांत जागच्या जागी बसणारे, भोवऱ्यासारखे फ्लक्स. रेषीय वर्णपटात दोघांचा गोळा होतो. वॉनजून चोई, की हून ली आणि योंग बेक किम यांनी २०२० साली केलेल्या गणनेत दिसलं की द्विमितीय नकाशात फ्लक्सच्या ऊर्जेशी बांधलेली तीक्ष्ण वैशिष्ट्यं आणि मायोरानाचा पसरट भाग वेगळे ओळखता येतात. खऱ्या रुथेनियम क्लोराइडमध्ये कितायेवखेरीज इतर आंतरक्रियाही असल्यामुळे नकाशा त्या गणनेइतका स्वच्छ निघेल अशी अपेक्षा ठेवू नये.

त्याहून धाडसी प्रस्ताव एनिऑनबद्दल, म्हणजे फर्मिऑनही नसलेल्या आणि बोसॉनही नसलेल्या द्विमितीय कणांबद्दल, आहे. पहिल्या पल्सने तयार केलेल्या एनिऑनभोवती दुसऱ्या पल्सने तयार केलेली जोडी फिरून आली तर तिच्या फेजमध्ये एक ठरावीक बदल होतो. काळ जसा वाढेल तसं जास्त मोठं क्षेत्रफळ वेढलं जातं. त्यामुळे पंप-प्रोब संकेत रेषीय संकेताच्या तुलनेत काळाबरोबर वाढत जावा, असं मॅक्स मॅकगिन्ली, मिकेले फावा आणि सिद्धार्थ परमेश्वरन यांनी दाखवलं. साध्या कणांच्या टकरींतून अशी वाढ येत नाही. अडचण तीच: ज्या कोपऱ्यात हा संकेत दिसायचा, त्याच कोपऱ्यात तापण्याचा संकेत बसलेला असतो.

पदार्थ निवडताना ऊर्जेचं माप आधी जुळवावं. रुथेनियम क्लोराइडच्या आंतरक्रिया काही मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या, म्हणजे १ टेराहर्ट्झच्या आसपास; लिथियम नायोबेटच्या पल्स तिथे नेमक्या बसतात. हर्बर्टस्मिथाइटची आंतरक्रिया सुमारे ४ टेराहर्ट्झ, त्यामुळे या स्रोताने त्याच्या पट्ट्याची फक्त खालची कड दिसेल. वरच्या भागासाठी सेंद्रिय स्फटिकांवर चालणारे, जास्त वारंवारतेचे स्रोत लागतील. डिस्प्रोशियम टायटॅनेटसारख्या स्पिन-बर्फाची ऊर्जा १ केल्विनच्या घरातली, म्हणजे ०.०२ टेराहर्ट्झ. तिथली चुंबकीय एकध्रुवांची (एकट्या उत्तर किंवा दक्षिण ध्रुवासारख्या वागणाऱ्या कणांची) हालचाल या पल्सच्या पट्ट्याच्या कितीतरी खाली राहते. त्यासाठी सूक्ष्मतरंगांची वेगळी मांडणी करावी लागते.